खंडेनवमीचा संप

प्रति,
मा. कामगार अधिकारी साहेब,
कामगार कार्यालय, मुंबई.

अर्जदार : जाईबाई शामराव घाडीगावकर, शिलाई कामगार, राहणार काळाचौकी, मुंबई.
अर्ज लिहून देणार : अप्पा वालावलकर, शेजारी, त्याच मजल्यावर.

विषय : खंडेनवमीच्या दिवशी लालबाग येथील कारखान्यात झाला तो संप नव्हता, पूजा होती, असे कळवणारा अर्जदाराचा आधीचा अर्ज मागे घेऊन, तो संपच होता अशी नोंद होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच कार्यालयातील आधीचा अर्ज. २) कंपनीचे त्यानंतरचे पत्र व कोरे हमीपत्र. ३) आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

विषय वाचून आपण तो पुन्हा एकदा वाचला असेल. हरकत नाही. अर्ज लिहून देणाऱ्यानेही अर्जदार बाईंना परत परत विचारून खात्री करून घेतली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, कोणाच्या सांगण्यावरून आलेल्या नाहीत, आणि त्यांचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

१. अर्जदार बाईंना लिहिता-वाचता येते. परंतु सरकारी कागद समोर आला की त्यांच्या हाताला घाम फुटतो आणि "मी" एवढा शब्द काही केल्या कागदावर उमटत नाही. सबब हा अर्ज अप्पा वालावलकर शेजारधर्म म्हणून लिहीत आहेत. अप्पांनी बंद गिरणीच्या कामगारांचे अर्ज आयुष्यभर लिहिले. एकालाही धड उत्तर आले नाही, हा भाग वेगळा. अर्जात मुद्द्याचे तेवढेच लिहावे, घरचे रामायण लावू नये, हे त्यांना पाठ आहे. या अर्जात तो नियम पाळला जाईलच असे नाही, कारण इथला मुद्दा घरातूनच सुरू होतो.

२. अर्जदार बाईंचे यजमान शामराव हे लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, कामाला होते. ब्याऐंशीच्या संपात ते बाहेर पडले ते पडलेच. पुढे गिरणी बंद झाली, साचे भंगारात गेले. तो संप मात्र अधिकृतपणे कोणीच मागे घेतलेला नाही असे शामराव अजूनही सांगतात, आणि ऐकणारा हसला तर त्याच्याशी बोलणे टाकतात. त्या वर्षांत घर बाईंनी ओढले. खानावळीच्या पोळ्या लाटल्या, लोकांचे मसाले कांडले, आणि या घरात पुन्हा "संप" हा शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद देऊन ठेवली. शामरावांना तो शब्द बोलायचा असेल तर ते जिन्यात जाऊन बोलत. हल्ली ते परळला गणपतीच्या कारखान्यात मूर्तीची माती मळून देतात.

३. पुढे त्याच गिरणीच्या आवारात, त्याच साचेखात्याच्या शेडमध्ये भिंती घालून तयार कपड्यांचा एक कारखाना आला. कंपनीचे नाव कुठल्याही अर्जात लिहिल्यास अब्रूनुकसानीचा दावा लावू, असे कंपनीने कळवले असल्याने इथून पुढे तिला नुसते "कंपनी" म्हटले आहे. तिथे परदेशी जाणारे शर्ट शिवतात. बाई कॉलर लावतात. ज्या शेडमधून नवरा बाहेर पडला तिथेच बायको कामाला गेली म्हणून चाळीत चार लोक चार तोंडांनी बोलले. बाईंनी त्यांना एकच उत्तर दिले, "तुमच्या बोलण्याने माझी चूल पेटत असेल तर बोला बापडे."  शामराव रोज सकाळी बाईंना गेटपर्यंत सोडायला जात आणि गेटच्या अलीकडेच थांबत.

४. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे आपल्यासारख्या अधिकाऱ्यास सांगायला नको. तरी ही फाइल पुढे कोणाच्या टेबलावर जाईल याचा नेम नाही म्हणून लिहून ठेवतो. त्या दिवशी बायका मशीन पुसून लख्ख करतात, सुई काढून ठेवतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि नारळ फोडतात. पूजा झाली की प्रसाद वाटून होईपर्यंत मशीनला हात लावत नाहीत. हा नियम कंपनीचा नाही आणि सरकारचाही नाही. तो गिरणीतून चालत आला आहे. साच्यांची पूजा व्हायची तीच आता शिलाई मशीनची होते. यंदाही सुपरवायझरने "काय ते जेवणाच्या सुट्टीत उरका" असे सांगून परवानगी दिली होती.

५. आता पाहुण्यांविषयी. येत्या जानेवारीपासून कपड्याचा कोटा उठणार आहे. म्हणजे कोणत्या देशाने किती शर्ट पाठवायचे याला बंधन राहणार नाही, आणि बडे गिऱ्हाईक जिथे स्वस्त आणि बिनतक्रार मिळेल तिथे जाईल. हे अप्पांचे ज्ञान नव्हे, मॅनेजर साहेबांनी स्वतः लाइनवर उभे राहून बायकांना समजावले आहे. परदेशातले पाहुणे कारखान्यात पैसा घालणार होते, नव्या मशिनी आणणार होते. मात्र त्या मुंबईत आणायच्या की ढाक्याला न्यायच्या, हे पाहूनसवरून ठरायचे होते. पाहुणे आदल्या दिवशी यायचे. त्यांचे विमान रखडले आणि ते नेमके खंडेनवमीला, जेवणाची सुट्टी संपता संपता, दारात हजर झाले.

६. दारातून त्यांना काय दिसले, ते बाईंनी नंतर बराच विचार करून काढले आहे. सगळ्या मशिनी गप्प. लोखंडावर लालभडक काहीतरी फासलेले. बायका ओळीने उभ्या, एकही जागेवर बसलेली नाही. तेवढ्यात आरती संपली आणि सगळ्यांनी हात वर करून, शेड दणाणेल असा, अंबाबाईच्या नावाने उदो केला. पाहुण्यांतल्या गोऱ्या बाई दोन पावले मागे सरल्या. दुसऱ्याने फोटो काढला. जाईबाईंना वाटले, हौशीने काढतो आहे, म्हणून त्यांनी पदर नीट केला. फोटोत तो पदर सावरतानाचा हात मूठ आवळल्यासारखा आला आहे. या हाताविषयी कंपनीने आपल्या कार्यालयाला धाडलेल्या पत्रात स्वतंत्र परिच्छेद आहे.

७. त्या वेळी मॅनेजर साहेब "पूजा आहे हो" एवढे बोलले असते तर हा अर्ज जन्माला आला नसता. पण आमच्याकडे वर्षभर काम एक मिनिट थांबत नाही, असे त्यांनीच पाहुण्यांना लिहून दिले होते. आता सण म्हणावे तर आपण खोटे पडतो, आणि गोंधळ म्हणावा तर निदान कडकपणा दाखवता येतो. साहेबांनी कडकपणा दाखवला. पाहुण्यांच्या देखत, दारासमोरच्या जाईबाईंच्या लाइनच्या अकरा बायकांना तिथल्या तिथे घरी बसवले आणि बेकायदा संप झाल्याचे आपल्या कार्यालयाला कळवून टाकले. माल निर्यातीचा असल्यामुळे संपाआधी नोटीस द्यायला हवी होती, असेही त्यात आहे. अंबाबाईची पूजा करण्यापूर्वी किती दिवस आधी नोटीस द्यावी आणि ती कोणाच्या नावे काढावी, याचा खुलासा त्यात नाही.

८. बाई घाबरून आपल्या कार्यालयात आल्या. संप नव्हता, पूजा होती, असा अर्ज अप्पांकडून लिहून घेऊन त्यांनी तो खिडकीवर दिला. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारले, "मागणी काय होती?" बाई म्हणाल्या, "कसली मागणी? पूजा होती." त्यावर ते म्हणाले, "मागणी नाही तर संप कसला? आणि संप नाही तर बाई, इथे कशाला आलात?" गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी शिक्का मारला, पोच दिली आणि पाणी हवे का म्हणून विचारलेसुद्धा. बाईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या दिवशी सुचले नाही.

९. यानंतर चमत्कार झाला. आपल्या कार्यालयातून कंपनीकडे गेलेला तो अर्ज कंपनीने स्वतःच इंग्रजी करून पाहुण्यांना पाठवला. तिकडून उत्तर आले, अहो, पूजा असेल तर आमचे काहीच म्हणणे नाही, कामगारांच्या धर्माचा मान राखावा असा आमचाच नियम आहे! संप तेवढा आम्हाला चालत नाही. म्हणजे पाहुण्यांना देव चालतो आणि मागणी चालत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मॅनेजर साहेबांचा चेहरा खुलला. ज्यांनी ज्यांनी पूजा केली त्यांनी तसे हमीपत्रावर लिहून द्यावे, यापुढे कोणत्याही कारणाने काम थांबवणार नाही आणि कोणाला थांबवू देणार नाही असे कबूल करावे, आणि दिवाळीआधी कामावर यावे, असे पत्र निघाले. जाईबाईंनी पत्र देवापुढे ठेवले, साखर ठेवली, आणि शेजाऱ्यांत वाटली. लेखनिकाने ती साखर खाल्ली आहे.

१०. दुसऱ्या दिवशी बाई कमलाबाईंकडे गेल्या. कमलाबाई तांबे यांचे मशीन बाईंच्या शेजारचे. कमलाबाई कफ लावतात. दोघींचा डबा एकत्र असतो आणि भांडणही रोज असते. कमलाबाईंच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव काढले आणि त्या दिवसापासून त्या घरात कोणी कशाला कुंकू वाहिलेले नाही. खंडेनवमीला कमलाबाई आपले मशीन सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ पुसतात, माळ घालत नाहीत, बाजूला उभ्या राहतात आणि प्रसादाचे खोबरे मागून खातात. "खोबऱ्याशी माझं वैर नाही," असे त्या दरवर्षी म्हणतात, आणि बायका दरवर्षी हसतात. पाहुण्यांनी काढलेल्या फोटोत सगळ्या मशिनींना माळा आहेत आणि एक मशीन बिनमाळेचे आहे. हमीपत्रासोबत आलेल्या त्या फोटोवर कंपनीने तेवढ्याच मशीनभोवती लाल गोल काढला आहे.

११. कंपनीचे म्हणणे असे. दहा जणींनी पूजा केली, त्यांना माफी. अकराव्या बाईने पूजा केली नाही, तरी काम केले नाही. म्हणजे तिने संप केला. कमलाबाईंनी सांगितले की साऱ्या लाइनचे बटण एकच आहे, ते बंद असताना मी काय मशीन तोंडाने चालवू? कंपनीचे उत्तर असे की मग बटण बंद होताना त्यांनी लेखी हरकत का घेतली नाही? वर सुपरवायझरने खासगीत सुचवले, कशाला ताणता, "पूजा केली" एवढं लिहून मोकळ्या व्हा, कोण बघायला येतंय? कमलाबाईंनी त्याला काय सांगितले ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही. जाईबाईंना मात्र त्यांनी शांतपणे सांगितले, "बापाने मान वर करून सोडलं ते मी एका सहीसाठी परत धरू? तू सही कर गं, जाई. तुझं खरं आहे. माझं खोटं होईल."

१२. आता साहेब, कंपनीला नेमक्या कमलाबाईच संपकरी म्हणून का हव्या होत्या, तेही सांगितले पाहिजे. कारखान्याला मागचे दार आहे. त्याला काम चालू असताना कुलूप असते. बायका कपडा चोरतील आणि वेळीअवेळी बाहेर जातील म्हणून. उन्हाळ्यात इस्त्रीच्या टेबलावर चिंध्यांनी पेट घेतला. टेबल पुढच्या दारापाशी आहे. बायका मागच्या दाराकडे धावल्या आणि कुलपावर धडकल्या. प्यायच्या पाण्याचे पिंप ओतून आग विझली, कोणाला काही झाले नाही, पण जाईबाई त्या दिवशी दारावर हात आपटत होत्या आणि त्यांना आपल्या सुनेचे पोटातले बाळ आठवत होते, असे त्या सांगतात. ती सून त्यांच्याच मागे दारावर चेपली जात होती. ती बाईंच्याच लाइनला धागे कापायला होती. बाईंना आजही बंद खोलीत झोप लागत नाही.

१३. कुलपाची चावी आत ठेवा, एवढे एकट्या कमलाबाईंनी जाऊन मागितले. मॅनेजर साहेब म्हणाले, आज चावी मागाल, उद्या युनियन आणाल. पाहुण्यांच्या कानावर गेले तर ऑर्डर ढाक्याला जाईल. तिथल्या बायका काही मागत नाहीत. कमलाबाई परत येऊन मशीनवर बसल्या आणि जाईबाईंना म्हणाल्या, "तिथल्यांना काय सांगत असतील, ठाऊक आहे? गप्प बसा, नाहीतर ऑर्डर मुंबईला जाईल." जाईबाई तेव्हा हसल्या. नंतर मात्र कॉलर लावताना त्यांच्या डोळ्यांसमोर ढाक्याची एक बाई येऊ लागली. बाईंनी ढाका पाहिलेले नाही. पण ती बाई कॉलरच लावत असते आणि तिच्याही पाठीमागे एक दार असते. तिला आपल्यामुळे धाक आणि आपल्याला तिच्यामुळे. दोघींनी एकमेकींचे काय वाकडे केले आहे, हे बाईंना अजून उमगलेले नाही.

१४. हमीपत्र बाईंच्या घरात पितळी डब्याखाली ठेवलेले आहे. सही केली तर काम परत मिळते, सुनेचेही परत मिळते, आणि कमलाबाई संपकरी ठरून कायमच्या जातात, तेही आपल्या सहीने. सही केली नाही तर बाई आणि सून दोघी घरी, आणि कमलाबाईंचे तरीही काही भले होत नाही. दुसरे काम शोधावे तर लालबाग-परळात आता शिलाईचे उरलेले दोन-तीन गाळे याच कंपनीचे काम करतात. बाईंनी चार दिवस जेवण नीट घेतले नाही. शेवटी त्यांनी सुनेला विचारले. सून म्हणाली, "आई, मी त्या कुलपामागे परत नाही बसणार. तुम्ही काय ते ठरवा." बाई त्या पोरीवर ओरडल्या आणि मग मोरीत जाऊन रडल्या.

१५. काल संध्याकाळी बाईंनी अप्पांचे दार वाजवले आणि खिडकीवरच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे सांगितले. पूजा म्हटली की कमलाबाई एकट्या पडतात. संप म्हटला की अकराही जणी एका जागी उभ्या राहतात. आणि संप असेल तर मागणी विचारावी लागते. अप्पांनी त्यांना परिणाम समजावून सांगितले. नोकरी जाईल, दिवाळी जाईल, कंपनीचा दाखला मिळणार नाही. बाई म्हणाल्या, "ते मला सांगू नका. बावीस वर्षं मी तेच पाहिलंय." मग त्यांनी घरात जाऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो शब्द शामरावांसमोर मोठ्याने उच्चारला. शामराव हातांची माती धूत होते. ते म्हणाले, "ये मग. माझा अजून चालूच आहे." बाई त्यांच्यावरही ओरडल्या.

सबब विनंती अशी की,

(अ) पूजेविषयीचा आधीचा अर्ज रद्द समजावा आणि खंडेनवमीला संप झाला अशी नोंद करावी. पूजा झाली होती हेही खरे आहे. ती नोंदीत राहिली तरी बाईंची हरकत नाही, फक्त तिच्या आडोशाने कमलाबाईंना वेगळे काढू नये.

(आ) संप आहे तर मागणी हवी. मागणी एकच आहे. बायका आत असताना मागच्या दाराला कुलूप नसावे. ही मागणी संपानंतर सुचली, आधी का नाही, असे कोणी विचारल्यास ती उन्हाळ्यातच कमलाबाईंनी तोंडी केली होती, असे उत्तर लिहून घ्यावे.

(इ) या मागणीमुळे ऑर्डर ढाक्याला जाईल असे कंपनी म्हणेल. तेव्हा तिथे आपल्या जोडीचे जे कोणी कामगार अधिकारी असतील त्यांच्याकडे या अर्जाची एक प्रत पुढे पाठवावी आणि तिथले मागचे दारही पाहायला सांगावे. आपल्या अधिकारात तेवढे बसत नसेल, याची अप्पांना कल्पना आहे. परंतु एका दाराचे कुलूप काढले आणि दुसऱ्याचे राहिले, तर पाहुणे त्या दुसऱ्या दाराशीच जाणार. तेव्हा हे कुणाच्या अधिकारात बसते, तेवढे तरी कळवावे.

(ई) कमलाबाईंच्या आणि बाकीच्या नऊ जणींच्या सह्या या अर्जावर नाहीत. त्या मागितलेल्या नाहीत. प्रत्येकीची चूल वेगळी आहे, आणि त्या नऊ जणींनी हमीपत्रावर सही केली तरी त्यांना कोणी बोल लावू नये, असे जाईबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

सांगायचे ते सांगून झाले. आता कागद आपल्या हाती आहे.

सोबत :
१) कंपनीचे पत्र व हमीपत्र, सही न केलेले. त्यावरचा गोल डाग पितळी डब्याचा आहे.
२) फोटोची प्रत. लाल गोल कंपनीचा. शेजारच्या मशीनभोवती निळ्या पेनाने दुसरा गोल काढला आहे, तो जाईबाईंनी. ते मशीन त्यांचे.

काळाचौकी, मुंबई
दि. ८ नोव्हेंबर २००४

आपला नम्र,
अप्पा वालावलकर
(अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले. खालचा मजकूर अर्जदाराच्या हातचा आहे.)

अप्पांनी सगळं वाचून दाखवलं. बरोबर आहे. मी संपावर आहे. कुलूप काढा.

जाईबाई शामराव घाडीगावकर